जादूघराच्या चित्रातला डोळा

छावणीतल्या फ्रीमेसन लॉजला आमचा सगळा मोहल्ला जादूघर म्हणायचा. तिथं नव्या सभासदाला दीक्षा देताना समोर ठेवायचं जुनं चित्र अब्बांनी रंगवायला घरी आणलं, तेव्हा अम्मी भडकलीच. दोन खांब, काळीपांढरी फरशी, आभाळाला लावलेली शिडी आणि वर सगळं पाहणारा एक डोळा. त्या डोळ्याचा रंग पार उडाला होता. अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डोळा कुठून आणणार? त्यांनी घरातलाच काढला. ज्याच्यापासून त्यांची एकही विडी कधी लपली नव्हती, तो.

अम्मी कितीतरी वेळ चित्रासमोर उभी राहिली. मी म्हटलं, आता अब्बांचं काही खरं नाही.

"और सुरमा कौन लगाएंगा?" ती म्हणाली.