काल काय खाल्लंत?

कालच्या मॅडम कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. माणूस कसा आहे हे त्याचं त्याला कळत नाही, आणि कळलं तरी तो खरं सांगत नाही, असं त्यांचं मत होतं. त्या विचारत, ‘काल काय खाल्लंत?’ हा प्रश्न त्यांनी वॉचमनला विचारला, कुरियरवाल्याला विचारला, ऑडिटला आलेल्या गृहस्थांनाही विचारला. ते गृहस्थ बराच विचार करून ‘पोळी-भाजी’ म्हणाले. मॅडमनी ‘कसली भाजी? शिळी की ताजी? दही होतं का?’ असं करत त्यांना इतका वेळ धरून ठेवलं की ऑडिट राहूनच गेलं. त्यावरून त्यांचं नाव पडलं कालच्या मॅडम. हे त्यांच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती.

वाघोलीच्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. पैसा एका कंपनीचा, जागा कॉलेजची, डोकं मॅडमचं. मी शनिवार पेठेतून रोज स्कूटरने तिथे जायचो आणि संगणकाचं काम पाहायचो. काम सांगायला सोपं होतं, फक्त जेवताना सांगता येत नसे. माणसाच्या आतड्यात जे असंख्य सूक्ष्मजीव राहतात त्यांची शिरगणती करायची, आणि त्या शिरगणतीवरून एखाद्या बाईला पीसीओडी असेल का, याचा अंदाज संगणकाकडून बांधून घ्यायचा. पाळी लांबते, वजन वाढतं, चेहऱ्यावर लव येते, दिवस राहत नाहीत. या सगळ्यामागचा बीजांडकोशाचा, संप्रेरकांचा बिघाड तो हा. लग्नाच्या मुलीला बायकांच्या डॉक्टरकडे नेताना कुणी पाहिलं तर काय म्हणेल, या भीतीने आया मुलींना वर्षानुवर्षं नेत नाहीत. ‘मुलगी दवाखान्यात येणार नाही, पण डबी पाठवेल,’ मॅडम म्हणत. ‘डबीने संशय दाखवला, की मग तिच्या आईशी मी बोलते.’

ही डबी म्हणजे शौचाचा नमुना पाठवण्याची डबी. पुण्यात ती परत मिळवणं हा वेगळाच अभ्यासाचा विषय होता. कुणी ती पाच पिशव्यांत बांधून वर ‘महत्त्वाचे’ असं लिहून पाठवत. एका बाईंनी मिठाईच्या खोक्यात घालून पाठवली, आणि आमच्या वॉचमनने दिवाळी जवळ आली म्हणून ते मोठ्या आशेने उघडलं. मॅडमनी त्याची समजूत घातली, हात धुवायला लावले आणि लगेच विचारलं, ‘काल काय खाल्लंत?’

संगणकावर त्यांचा विश्वास बेताचाच होता. आम्ही त्याला शेकडो बायकांच्या डब्यांची माहिती दाखवायचो. या आजारी, या निरोगी. मग तो आपला आपण फरक शोधायचा आणि नव्या डबीबद्दल मत द्यायचा. मॅडम म्हणत, ‘हुशार आहे. पण उत्तर कशावरून काढलं ते सांगत नाही. वर्गात असा मुलगा असला की मी त्याला पुढच्या बाकावर बसवायची.’ मला वाटायचं, जुन्या पिढीची माणसं, यंत्राला जरा बिचकतात. त्या यंत्राला बिचकत नव्हत्या, एवढं खरं.

पण मुलाने मार्क मात्र असे मिळवले की कंपनीचे संचालक रोज फोन करू लागले. ओळखून दाखव म्हटलं की आजारी कोण, निरोगी कोण, तो जवळजवळ चुकतच नव्हता. दसऱ्याच्या मुहूर्तावर चाचणी बाजारात आणायची ठरली. निमंत्रणपत्रिका छापल्या. शास्त्रीय बाजू बरोबर असल्याची मॅडमची सही तेवढी राहिली होती.

इथे मला माझ्या घरचं सांगायला हवं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अहवाल कसा दिसतो ते पाहायला म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांच्या डब्या आम्ही यंत्राला दिल्या, त्यात माझ्या बायकोची, मंजिरीचीही होती. अहवाल आला, विकाराची शक्यता दाट. मॅडमनी तिला लगेच डॉक्टरकडे जाऊन सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. आई म्हणाली, ‘यंत्राने सांगितलंय ना? मग परत कशाला खर्च? दसरा होऊ दे.’ कारण सापडलं म्हणून आईला हायसं वाटलं होतं. तेव्हापासून ती मंजिरीशी अतिशय हळू आवाजात बोलू लागली, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी. टोमणे परवडले असते. मंजिरी पानावरून अर्धवट उठायची आणि मला ते बघवत नसे.

नवरात्र बसलं. समारंभात पडद्यावर ताज्या नमुन्याचा अहवाल दाखवायचा होता, म्हणून रंगीत तालमीला एक डबी हवी होती. प्रयोगशाळेतल्या मुलींनी साफ नकार दिला. शेवटी मी माझी दिली. यंत्राला बाई-पुरुष कळत नव्हतं, त्याला सूक्ष्मजीव तेवढे कळायचे. अहवाल सगळ्यांसमोर पडद्यावर उमटला. मला बीजांडकोशाचा विकार असण्याची शक्यता दाट होती.

कुणी हसलं नाही, कारण मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

‘अहो साठे, काल काय खाल्लंत?’

‘काही नाही, मॅडम. उपवास आहे. नवरात्र.’

‘काही नाही म्हणजे?’

‘म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. मग थोडा बटाट्याचा कीस. रात्री रताळी. मधे राजगिऱ्याची वडी, एखादं केळं.’

‘याला काही नाही म्हणतात?’

‘उपवासाचंच आहे ना सगळं.’

‘आणि मंजिरीताई?’

‘तिचं तर वर्षभर चालू असतं. सोमवार, चतुर्थी, शिवाय एकादशी.’

‘कुणी सांगितलेत?’

‘आईने.’

‘कशासाठी?’

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन, ज्या दवाखान्यातून आम्ही आजारी बायकांच्या डब्या घेतल्या होत्या तिथे गेल्या आणि बाहेरच्या बाकावर, रांगेतल्या बायकांमध्ये बसल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न. उत्तरही एकच, ‘काही नाही, उपवास होता.’ कुणाचे सोळा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाला नणंदेने शनिवार लावून दिलेला. निरोगी बायकांच्या डब्या आम्ही कॉलेजच्या वसतिगृहातून आणि एका आयटी कंपनीतून घेतल्या होत्या. तिथे कुणाला उपवास लावणारं कुणी नव्हतं. ज्यांना दिवस राहत नव्हते त्यांना घरच्यांनी उपवास दिले होते, आणि सूक्ष्मजीवांवर उमटलेला त्या साबुदाण्याचा आणि शेंगदाण्यांचा ठसाच यंत्र ओळखायला शिकलं होतं.

परतताना मॅडम रिक्षात म्हणाल्या, ‘आपलं यंत्र रोग ओळखत नाही, साठे. सासू ओळखतं.’

आमच्या फॉर्मवर आहाराबद्दल एकच रकाना होता, शाकाहारी की मांसाहारी. तो फॉर्म मॅडमनी स्वतः केला होता. जगाला कालचं जेवण विचारणाऱ्या बाईंनी कागदावर ते विचारलं नव्हतं, आणि याचा त्यांना फार त्रास झाला. मग त्यांनी जे सांगितलं ते एरवी त्या कधी बोलत नसत. त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. ‘आम्ही बौद्ध. आमच्याकडे उपवास हा प्रकार नव्हता. ज्या दिवशी जेवण नसायचं त्या दिवसाला काही नाव नव्हतं. पण श्रावण आला, नवरात्र आलं, की यार्डात साबुदाण्याची, शेंगदाण्याची पोती यायची, वडलांना काम मिळायचं. तुमचे उपवास असले की आम्ही दोन्ही वेळा जेवायचो. मला तरी हे कळायला हवं होतं.’ मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

संचालक दुपारीच आले. ‘मॅडम, आकडे उत्तम आहेत.’

‘उत्तमच आहेत. फक्त ते दुसऱ्याच गोष्टीचे आहेत.’

‘आपण सूचना छापू. उपवासात नमुना देऊ नये.’

‘आणि जी बाई उपवास न करता आजारी असेल, तिला हे निरोगी सांगेल. ती निवांत घरी बसेल. तिला काय सूचना छापायची?’

‘पत्रिका गेल्यात हो.’

‘मग लोकांना बोलवा. आपट्याची पानं देऊ.’

त्यांनी सही केली नाही. दसऱ्याला लोक आले, आपट्याची पानं घेतली, पेढा खाल्ला आणि गेले. एका पाहुण्याने समारंभ आटोपशीर झाल्याबद्दल संचालकांचं अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात मॅडम आमच्या घरी आल्या. आईने पाणी दिलं, मॅडमनी आईला काल काय खाल्लं ते विचारलं, आईने सविस्तर सांगितलं आणि दोघींचं चांगलं जमलं. मग मॅडम म्हणाल्या, ‘आमचं यंत्र चुकलंय. तुमच्या सुनेबद्दल ते जे बोललं ते मी परत घ्यायला आलेय. आता दोघांच्याही नीट तपासण्या करा. दोघांच्या.’ हा शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारला. आई म्हणाली, ‘याला काय झालंय?’ मॅडम म्हणाल्या, ‘तेच बघायचंय.’

मंजिरीच्या तपासण्यांत काहीही निघालं नाही. संप्रेरकांचा घोटाळा निघाला तो माझ्यात. मी अहवाल घेऊन मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, म्हणजे यंत्र माझ्या बाबतीत तसं अगदीच चुकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘योगायोगाला शोध म्हणायचं नाही. गोळ्या वेळेवर घ्या.’

आईने अहवाल हातात धरला, तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. नंतरच्या सोमवारी मंजिरी ताटलीत खिचडी घेऊन बसली. आईने ती ताटली उचलली, तिच्यापुढे वरणभाताचं पान मांडलं आणि वर गरम पोळी वाढली. माफी मागण्याची आमच्या घरातली पद्धत एवढीच आहे. मंजिरी रडत रडत जेवली आणि त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मॅडमनी काम पहिल्यापासून सुरू केलं. नवा फॉर्म, त्यात उपवासाचं एक अख्खं पान. आता निरोगी बायकाही उपवास करणाऱ्या शोधायच्या आणि आजारी बायका न करणाऱ्याही. दवाखान्याच्या बाकावर बसून विचारताना त्यांना आणखी एक गोष्ट कळली, की पुष्कळ बायका उपवासाच्या दिवशी औषधही घेत नाहीत. तेव्हापासून त्यांच्या तोंडी दुसरं वाक्य आलं, ‘उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. पण गोळी उपवासाला चालते.’ हे त्यांनी इतक्या बायकांना सांगितलं की त्या भागात तो शास्त्राधार समजला जाऊ लागला. एका आजीबाईंनी तर कुठल्या पोथीत आहे ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘माझ्या.’

नव्या यंत्राला पहिल्यासारखे मार्क मिळाले नाहीत. ते चुकायचं, अडखळायचं, पुष्कळदा ‘सांगता येत नाही’ म्हणायचं. कंपनीने पैसे काढून घेतले. मॅडमना मात्र ते यंत्र पहिल्यापेक्षा आवडलं. ‘आता कुठे प्रामाणिक झालंय,’ त्या म्हणाल्या आणि निवृत्त होईपर्यंत मिळेल त्या पैशात त्याला शिकवत राहिल्या.

काही वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. आई याचं श्रेय देवीला देते, डॉक्टर गोळ्यांना. मॅडम बाळ बघायला आल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, ‘एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. नमुना फार लहान आहे.’ मग त्यांनी बाळाला काल काय खाल्लं ते विचारलं. उत्तर मंजिरीने दिलं.

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या, आणि आजार शेवटचा होता हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. मंजिरीने मऊ भाताचा डबा दिला, तो घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, फार लहान दिसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हे माझ्या तिथे लक्षात आलं.

‘मॅडम, काल काय खाल्लंत?’

‘काही नाही,’ त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, ‘उपवास नव्हता, हो.’

मी डबा उघडला. त्यांनी दोन घास खाल्ले. मंजिरीला सांगा मीठ कमी पडलंय, म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या गेलेल्या होत्या. एक तरुण डॉक्टर टेबलाशी कागद पुरे करत होता. त्याने मान वर न करता विचारलं, ‘पेशंटने काल शेवटचं काय खाल्लं होतं?’

‘मऊ भात,’ मी म्हणालो. ‘दोन घास. वर साजूक तूप होतं. मीठ कमी होतं.’

त्याने ‘भात’ एवढंच लिहिलं. मी त्याला थांबवलं आणि बाकीचंही लिहायला लावलं.