मऊ चाकांची गाडी

जुनी गाडी पेट्रोल फार पिते म्हणून तिला भंगारात घालायला निघालेला माणूस तुम्ही कधी आरशात पाहिलाय का? नाही म्हणू नका. प्रत्येक गल्लीत असा एक तरी निघतोच. वर्षानुवर्षं अंगणात उभी असलेली गाडी एका सकाळी टेम्पोला दोरानं बांधून जाते, आणि घरातलं म्हातारं माणूस फाटकाशी उभं राहून तिच्या मागच्या काचेकडे बघत राहतं. त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. विचारायला सवड कुणाला आहे!

मखमलाबादच्या सावळीराम आबांनाही कुणी विचारलं नव्हतं. फरक एवढाच, की आबा फाटकाशी गप्प उभं राहणाऱ्यातले नव्हते.

मखमलाबाद नाक्यावरून आत वळलं की पूर्वी दोन्ही अंगांना मळे लागायचे. गुलाब, शेवंती, झेंडू, मधेच मेथी-कोथिंबिरीचे वाफे. आता त्या जागी इमारती आहेत, आणि इमारतींना फुलांची नावं. फुलं उपटायची आणि पाटीवर त्यांचीच नावं रंगवायची, ही आपल्याकडची नवी तऱ्हा. आबांच्या वाट्याला राहिलं ते घर, विहीर, घरामागं गुलाबाचे चार वाफे आणि अंगणात उभी पांढरी मारुती. पांढरी म्हणायची ती सवयीनं. उन्हानं तिचा रंग आता सायीसारखा पिवळट झालाय.

ही गाडी आणली रंगूबाईनं. म्हणजे आबांच्या बायकोनं. चालवली आबांनी, पण आणली तिनंच. त्याआधी गुलाब मोपेडवरून सराफ बाजारातल्या फुलबाजारात जायचे. पोचेपर्यंत निम्म्या पाकळ्या काळ्या पडलेल्या असायच्या. व्यापारी करंडीत हात घालून नाक मुरडायचा आणि रंगूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एका वर्षी गुलाबाला बरा भाव मिळाला तशी ती म्हणाली, "यंदा सोनं नको. फुलांना बसायला गाडी घ्या."

"फुलांना?" आबा हसले होते.

"मग काय तुम्हाला मिरवायला?"

कुणा डॉक्टरानं वापरून सोडलेली मारुती दारात आली. आबांनी तिची मागची सीट काढून माळ्यावर टाकली, तळाला ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर करंड्या. करंड्यांच्या मधोमध मांडी घालून रंगूबाई. पुढं आबा, शेजारी झोपेनं पेंगणारा लहानगा ललित. पहाटेच्या धुक्यात पंचवटीतून गाडी जायची तेव्हा मागून अत्तराच्या दुकानासारखा वास सुटायचा. रामकुंडावर अंघोळीला आलेली माणसं वळून बघायची. आबांना तेव्हा वाटायचं, आपण मंत्र्याची गाडी चालवतोय.

ते दिवस सरले. मळा भावाभावांत वाटला गेला, विकला गेला, रंगूबाईही गेली. मागची सीट माळ्यावरून उतरून जागेवर बसली. ललित ओझरच्या विमान कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, शुभांगी घरात आली. गाडी मात्र तीच राहिली. आबा तिच्यातून दवाखान्यात जायचे, भाजी आणायचे, आणि काही काम नसलं तर उगाच चांदशीपर्यंत फेरी मारून यायचे.

यंदा गणपती उठले आणि त्या रविवारी चहा पिता पिता ललितनं तोंड उघडलं.

"आबा, गाडी लिटरला अकरा देतीय. अकरा! आमच्याकडं विमानं बनतात, ती तरी एवढं पीत असतील का?"

"मग विमानानं जात जा भाजी आणायला."

"चेष्टा नाही करत मी. दसऱ्याला नवी गाडी बुक करू. ही भंगारात देऊन टाकू. भंगारवाला बघूनही गेलाय."

आबांनी कप खाली आपटला. "बघून गेला? माझ्या अंगणात येऊन माझी गाडी बघून गेला? मी काय मेलो होतो?"

"तुम्ही दवाखान्यात होता."

"गाडीतच गेलो होतो ना दवाखान्यात!"

"रिक्षानं गेला होता तुम्ही. गाडी सुरूच झाली नव्हती त्या दिवशी."

शुभांगीनं तोंडावर पदर धरला. आबांना हसू आलं नाही. उभे राहून ते म्हणाले, "ऐक. दसऱ्याच्या आधी हिच्यातून पंधरा काढून दाखवतो. काढले तर गाडी राहील, आणि परत तिचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही काढले तर?"

"तर तुझ्या भंगारवाल्याला मी स्वतः हार घालीन."

ललित हसला आणि हो म्हणाला. हरणार नाही याची खात्री असलेला माणूस जसं हो म्हणतो, तसं.

दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. एकानं मोबाईलवर जाहिरात दाखवली: पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक लावा, एव्हरेज दुप्पट. आबा भडकले. "चुंबकानं पेट्रोल वाचलं असतं तर पंपवाल्यांनी दुकानं बंद केली असती!" बरोबरच बोलले. असली चुंबकं, असल्या बाटल्या, असल्या पुड्या विकणाऱ्यांची भर चौकात खरडपट्टी काढायला हवी. गरजवंत माणूस बघून टोपी घालणारी ही जात.

आबा गेले द्वारका चौकात, अन्वर मिस्त्रीच्या गॅरेजवर. अन्वरनं बॉनेट उघडलं, हवेची जाळी बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. जाळीवर धुळीचा थर, त्यात वाळक्या पाकळ्यांचा चुरा.

"आबा, गाडी आहे का देव्हारा? हिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

"दसऱ्याचे हार असतील."

"किती दसऱ्यांचे?"

जाळी बदलली, प्लग साफ झाले, कार्बोरेटर धुऊन झाला. मागच्या एका चाकाचा ब्रेक चिकटून राहायचा, तोही सोडवला. मग अन्वरनं डिकी उघडली. आत जुना लोखंडी काटा, वजनं, पहार, ओल लागून दगड झालेलं खताचं पोतं.

"हे सगळं फिरवता रोज? बिनतिकिटाचे पाहुणे हे!"

डिकी रिकामी झाली. टपावरचं कॅरिअर निघालं, कारण नुसतं वाऱ्याला अडवायलाच ते उरलं होतं. चालवण्याचीही शिकवणी झाली. पळत जाऊन ब्रेक दाबायचा नाही, लांबूनच पाय उचलायचा. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. लाल दिवा लांबला तर इंजिन बंद. आणि उतारावर न्यूट्रल करून सोडायची जुनी खोड कायमची बंद. "चार थेंब वाचवाल आणि एखाद्या दिवशी गाडी हातात राहणार नाही," अन्वरनं दम दिला. जाता जाता तो चाकांपाशी वाकला. "टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात, मधला भाग नवा. हवा कमी राहते तुमची. आता भरून देतो, पण बघत जा, आबा." आबांनी हो हो म्हटलं.

टाकी तोंडापर्यंत भरायची, ओझरला जाऊन यायचं, पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि काय लागलं ते बघायचं, अशी चाचणी ठरली होती. ललित शेजारी बसून. पहिल्या चाचणीत तेरा आले. दुसरीत तेराच्या थोडं वर. गाडी तिथंच अडून बसली.

आबांची झोप उडाली. तेरावर अडलेली गाडी भंगारातच जाणार होती. अन्वर पुन्हा वाकून बघायचा आणि डोकं खाजवायचा. "कायतरी ओढ घेतीय. हवा भरून देतो आणि दोन दिवसांत चाकं परत मऊ! पंक्चर नाही, व्हॉल्व्ह बदलला, तरी जाते कुठं?"

हवा कुठं जात होती ते शेवटच्या चाचणीच्या सकाळी कळलं.

शुभांगी पूजेची फुलं तोडायला मागच्या वाफ्यांत गेली होती. परत येताना तिला गाडीमागून आवाज आला. स्स्स्स. आधी तिला वाटलं, जनावर आहे. डोकावून बघते तर आबा उकिडवे बसलेले, हातात बाभळीची काडी, काडी व्हॉल्व्हच्या तोंडात, आणि चाकातली हवा सुसाट बाहेर. चेहरा शांत. देवापुढं उदबत्ती लावताना असतो तसा.

"आबा! काय करताय?"

आबांनी वर बघितलं, मग हातातल्या काडीकडं बघितलं. जणू काडी दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या बोटांत अडकवली होती.

"हवा... जरा जास्त झाली होती."

"अन्वरभाईनं भरून दिलेली हवा तुम्ही रोज सोडून देता?"

"रोज नाय गं. भरली की." मग ते अंगणातच, चाकाला पाठ टेकून बसले. "तुझी सासू म्हणायची, कडक चाकावर गुलाबाला दणका बसतो. गुलाब हाय तो, बटाटा नाय. भरलेली हवा मी घरी आल्यावर थोडी सोडायचो. मग ती टाचेनं चाक दाबून बघायची. मऊ लागलं की म्हणायची, आता बसा." हातातली काडी त्यांनी जमिनीवर टेकवली. "माझ्या ध्यानातच नाय, शुभांगी. हातच करतो ते."

शुभांगी हळूच म्हणाली, "पण आबा, आता मागं गुलाब कुठं असतात?"

आबा ताडकन उठले. "तुझ्या सासूला विचार!" आणि घरात निघून गेले.

फुलांची परडी हातात घेऊन ती तिथंच थांबली. ललित अंघोळीहून येऊन विचारू लागला, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, आबांना चहा हवाय. सुनेनं सासऱ्याची झाकलेली मूठ उघडली नाही. शहाणपण असतं ते असं.

चहा थंड झाला. बऱ्याच वेळानं आबा पांढरी टोपी घालून बाहेर आले, ललितला "बस" म्हणाले आणि गाडी सरळ नाक्यावरच्या हवेवाल्यापाशी उभी केली.

"चारही चाकं. पुरी भर. कंपनीनं दारावर लिहिलंय तेवढी."

हवेवाल्यानं नळी लावली. गाडी प्रत्येक चाकागणिक बोटभर वर उठली. आबा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. कुणी आपल्या अंगावरची गोधडी ओढून घेतंय आणि आपण घेऊ देतोय, असे.

गाडी हायवेला लागली आणि ललितच्याही लक्षात आलं. आज ती ओढत नव्हती, घरंगळत होती. पाय उचलला तरी पुढं जायची. आडगावच्या पुढं सर्व्हिस रोडवर एक गतिरोधक आला, आपल्याकडं असतो तसा, न रंगवलेला, दोन पावलांवर आल्याशिवाय न दिसणारा. गाडी धाडकन आदळली. आणि आबांचा डावा हात स्टेअरिंग सोडून मागं गेला. दोन सीटांच्या मधून, तळहात उपडा, बोटं पसरलेली. काहीतरी सांडू नये म्हणून धरायला गेलेला हात. मागच्या रिकाम्या सीटवर तो थोडा वेळ तसाच राहिला.

ललित त्या हाताकडं बघत राहिला. मग खिडकीबाहेर तोंड करून म्हणाला, "आई ओरडायची ना? 'अवं, करंडी!'"

"तुला आठवतंय?"

"मी झोपलेलो नसायचो, आबा. नुसते डोळे मिटलेले असायचे. गाडी गदगद हलायची, पाळण्यासारखी. मला वाटायचं, सगळ्यांच्याच गाड्या तशा असतात."

आबांनी हात पुढं घेतला. "हवा कमी ठेवायचो. तिनं सांगितलं होतं. आजपर्यंत ठेवत होतो."

परत येऊन टाकी भरली. पंधराच्या वर निघाले. थोडेच वर, पण वर. ललितनं पुन्हा मोजलं नाही. पंपावरूनच त्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, गाडी द्यायची नाही. पलीकडचा काहीतरी भाव वाढवत होता. "अरे बाबा, घरातलं माणूस आहे ते," एवढं बोलून ललितनं फोन ठेवला. आबांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांचाही तोरा काही कमी नाही.

दसरा आला. आबांनी पहाटेच वाफ्यातले गुलाब खुडले. ललितनं मागची सीट काढली आणि गोणपाट ओलं करून अंथरलं. करंडी एकच. कालिका मातेला वाहायची. पुजलेल्या गाडीला हार घातला तो बंपरवर, हवेच्या जाळीपासून लांब, कारण अन्वरनं तशी तंबीच दिली होती. निघायच्या आधी ललित बाभळीची काडी घेऊन चाकापाशी उकिडवा बसला. स्स्स्स.

"बास, बास! फुसकी करतो का!" आबा ओरडले.

"मग बघा ना तुम्ही."

आबा बघायला पुढं होणार, तेवढ्यात शुभांगी चप्पल काढून आली आणि टाचेनं चाक दाबून म्हणाली, "आता बसा."

ती करंडीशेजारी मांडी घालून बसली. गाडी हळूहळू नाक्याकडं निघाली. येताना हवा परत पुरी भरायची होती, ते आबांनी दोनदा बजावलं.

तर तुम्हाला एवढंच सांगणं आहे. उद्या सकाळी, गाडी थंड असताना, तुमच्या चाकांतली हवा बघा. कमी निघाली तर भरा, जरूर भरा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जरा बसा आणि विचारा, या गाडीतून पूर्वी कायकाय नेत होता.