चेलोवाल्याचा श्वास

आमच्या घरात एक मेलेला माणूस श्वास घेत असे, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

हा माणूस चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. पुण्यात शेतकी शिकताना मला चौघांनी बसून वाजवायच्या पाश्चात्त्य संगीताचं वेड लागलं, ते आसेगावात शेती करायला परतलो तरी सुटलं नाही. (यात गावाचा काही दोष नाही.) एकाच मैफलीची जुनी रेकॉर्डही माझ्याकडे आहे आणि सीडीही. सीडी मी ओसरीवर बसून रिमोटने लावायचो. रेकॉर्डला मात्र आत, शेजारीच बसावं लागतं. सुई कधी अडकेल सांगता येत नाही. आणि फक्त रेकॉर्डवर, चेलो हळू झाला की त्याच्यामागे एक श्वास ऐकू यायचा. लांब, ओढलेला, शेवटी बारीक शीळ. वाजवणारा कधीच वारला असणार. श्वास तेवढा मागे राहून गेला होता.

हे मी आल्यागेल्याला सांगायचो. परिणाम असा झाला, की माझी बायको सुनंदा दिवेलागणीनंतर त्या खोलीत पाऊल टाकेना.

खोलीत कापूसही होता. भाव चढेपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, त्यात नवल नाही. पण मला शोध लागला, की छताला टेकलेल्या त्या ढिगामुळे आवाज जराही घुमत नाही. मग भाव चढला तरी मी विकेना. पंखाही लावू देईना, रुई सुईवर बसते म्हणून.

"साऱ्या गावानं कापूस इकला," सुनंदा म्हणाली. "इथं आंगाले खाज सुटून राह्यली, घरभर उंदरं झाले. तुमाले काहून ठेवाचा हाय?"

"आवाजासाठी."

"मंग मले मायच्या घरी धाडा. तुमी अन् तो मुडदा राहा कापसात."

आणि तिने भावाला बोलावलं. गजानन शिरपूरला लग्नाकार्यात स्पीकर लावतो. तो टेम्पो घेऊनच आला. त्याच्या मते रेकॉर्ड आणि सीडी सारखंच वाजतं, फरक ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. वाद वाढला आणि पैज लागली. डोळे बांधून मी तिन्ही वेळा बरोबर ओळखलं, तर कापूस राहील. एकदा जरी चुकलो, तर कापूस आजच टेम्पोत आणि रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर. मी मनात हसलो. श्वास आला की रेकॉर्ड, नाही आला की सीडी. यात चुकायचं काय! (खरखरीवरून ओळखायची सोय नव्हती. आमच्या वायरिंगच्या कृपेने ती दोन्हींना होती.)

भर दुपारी खिडक्या लावल्या. सुनंदाने माझ्या डोळ्यांवर टॉवेल आवळला आणि मला ढिगाला पाठ लावून बसवलं. काळोख, उकाडा, कापसाचा कोंदट वास.

चेलो सुरू झाला, आणि पाठोपाठ तो श्वास आला.

"रेकॉर्ड," मी म्हणालो. निकाल तिन्ही झाल्यावरच सांगायचा होता.

दुसऱ्यांदा पुन्हा तोच श्वास, पण जरा जवळून. "रेकॉर्ड."

तिसऱ्यांदा बराच वेळ नुसती शांतता. मग त्या शांततेत तो आला, अगदी कानाशी.

"रेकॉर्डच," मी म्हणालो, पण माझा आवाज कापत होता.

"भाऊजी," गजानन हळूच म्हणाला, "आता काईच चालू नाई. अन् पयल्या दोन्ही टायमाले सीडीच होती."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. टॉवेल सोडायला हात उचलेना. तो माणूस रेकॉर्डमधून उतरून कापसात येऊन बसला होता.

"सुनंदा, तुले आयकू येते काय?"

"येते ना." तिचाही आवाज बारीक झाला होता. "कापसाकडूनच येऊन राह्यला."

मी श्वास रोखला. तोही थांबला. मी सोडला. त्यानेही सोडला, शिळेसकट. मी पुन्हा रोखला, तो पुन्हा थांबला. मेला माझ्यावर नजर ठेवून होता! आता हा मानगूट धरणार, या भीतीने मला धाप लागली, तर त्यालाही लागली.

 मग सुनंदा पुढे आली आणि तिने माझ्या छातीला कान लावला.

"गजू," ती म्हणाली, "टेम्पो मांगं घे. मुडदा सापडला."

संध्याकाळपर्यंत कापूस गेला. वाशिमच्या डॉक्टरांनी रुईची ॲलर्जी सांगून गोळ्या दिल्या, आणि चेलोवाला हळूहळू गप्प झाला. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. इतक्या महिन्यांची सोबत होती. सुनंदालाही दया आली असावी, कारण रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर चढवायचा विषय तिने काढलाच नाही.

अजूनही पाहुणे विचारतात, "सीडीत नसतं असं रेकॉर्डमध्ये काय असतं हो?"

मी डोळे मिटून सांगतो, "जिवंत माणूस असतो."

आणि आतून सुनंदा विचारते, "आज गोळी घेतली काय?"