कोणत्या पायथनला विचारलंत?

'इनामदार सर गेले,' असा निरोप ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर आला आणि मी सवयीनं थेट त्यांच्याच नंबरवर फोन लावला. वहिनींनी उचलला. "खरं आहे गं," एवढंच म्हणाल्या... ऐकीव गोष्टीवर न थांबता जिथल्या तिथे विचारायची ही खोड मला सरांनीच लावली होती.

कर्वेनगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत ते सर्व्हर सांभाळायचे. मी नवखी, पण आत्मविश्वास दांडगा. एका रुग्णालयाचे तपासणी अहवाल इंटरनेटवरून पाठवणारा प्रोग्राम मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. अहवाल वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून ते सांकेतिक रूपात जायला हवेत. सर्व्हरवरच्या पायथनला ते जमतं का, हे आधी बघावं लागतं. एका ओळीचं काम. ती ओळ चालवली, उत्तर 'हो' आलं आणि 'उद्यापासून सुरू' असा शब्द मी रुग्णालयाला देऊन टाकला.

"कोणत्या पायथनला विचारलंत?" सरांनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता विचारलं. सर्व्हरवर दोन पायथन होते. एक मुळातला, ज्याला मी विचारलं होतं, आणि एक मी या प्रोग्रामसाठी नव्यानं बसवलेला. सरांनी तीच ओळ नव्यावर चालवली. साफ 'नाही'. आणि सांकेतिक जमलं नाही तर उघडंच पाठव, ही सोयही मीच प्रोग्राममध्ये करून ठेवलेली! लोकांचे आजार चव्हाट्यावर आले असते. "उत्तम," सर म्हणाले. "घरात कोण आहे, हे शेजाऱ्याला विचारून आलात." माझा चेहरा पडला. मग ते शेजारी खुर्ची ओढून बसले, सगळं माझ्याकडून पुन्हा बसवून घेतलं आणि रुग्णालयाला स्वतः फोन केला, "आमच्याकडून एक दिवस उशीर होतोय." आमच्याकडून! त्या एका शब्दासाठी मी पुढे बारा वर्षं त्यांच्या हाताखाली आनंदानं काम केलं.

परवा वहिनींनी बोलावलं. परदेशातल्या मुलीला घरचे जुने फोटो असेच सांकेतिक रूपात पाठवायला सरांनी एक प्रोग्राम लिहिला होता. आजारपणात नव्या लॅपटॉपवर तो बसवला, पण चालवायचा राहून गेला. "त्यांनी बसवलाय म्हणजे बरोबरच असणार की," वहिनी म्हणाल्या. मी लॅपटॉपचं झाकण उघडलं. आत त्यांच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'बसवलाय. विचारायचं राहिलंय.' मला रडू आवरेना... स्वतःच्या कामालाही त्यांनी सूट दिली नव्हती.

डोळे पुसून मी ती ओळ चालवली, सरांचा प्रोग्राम ज्यावर चालणार होता नेमक्या त्याच पायथनवर. पहिला फोटो मुलीला पोचला. वहिनी चिठ्ठी काढायला गेल्या, तेव्हा मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि सरांच्या अक्षराखाली लिहिलं, 'विचारलं, सर. हो म्हणतोय.'