पाकीटवाले सर

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. शिरूर कासारहून आईबाप ऊसतोडीला निघायचे, आम्ही भावंडं मागोमाग. सहा महिने गावची शाळा, सहा महिने फड. तरी मी बी.कॉम. झाले. भावकीत पहिली.

माजलगावकडच्या एका सूतगिरणीत कारकुनाची जागा निघाली. तिथं उमेदवारांची मानसिक चाचणी घ्यायला दिंद्रुडचे एक सर यायचे. मानसशास्त्रात एम.ए., बोलणं मात्र गावचंच. तपासून झालेली उत्तरपत्रिका खाकी पाकिटात घालून डिंक लावायचे आणि जोडावर उमेदवाराची सही घ्यायचे. म्हणून सगळे त्यांना पाकीटवाले सर म्हणत. "पाकीट फोडलं तर तुमची सही फाटंल, लगेच कळंल," म्हणायचे.

वारंवार जागा बदलता का, या प्रश्नाला मी लिहिलं, हो, दरवर्षी. मनाच्या आजारावर औषध घेतलं का? धाकटा भाऊ फडावर वारला, त्यानंतर वर्षभर मी बीडच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणत होते. तेही लिहिलं. अशा ठिकाणी खोटं लिहितात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

जागा बदलणारा म्हणजे अस्थिर, असं गुण देण्याच्या छापील तक्त्यात होतं. सरांनी बोलावून विचारलं. ऊसतोडीला जातो, म्हटलं. ते थकल्यासारखे हसले. तक्ता करणाऱ्यानं ऊसतोड बघितली नसंल, म्हणाले, आणि तो प्रश्न सगळ्यांच्याच गुणांतून काढून टाकला.

मुलाखतीसाठी मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा गिरणीचा कामगार अधिकारी आत सरांकडं गेला. त्याची सासुरवाडी आमच्याच गावात. माझ्या गोळ्या त्याला कळल्या असत्या तर नोकरी गेली असतीच, लग्नही जमलं नसतं. पाकिटं माझ्याकडं द्या, तो म्हणत होता.

"कोन शानं, कोन येडं, चेअरमनसायबाला कळाया नको का?"

"काम जमंल का न्हाई ते या चिठ्ठीत लिवलंय. बाकी ज्याचं त्याच्यापाशी."

"पाकिटं काय तुमच्या घरची हायेत का, सर?"

"न्हाईत. तुमच्याबी घरची न्हाईत. सही कुनाची हाय बगा."

मला नोकरी लागली. सरांना पुन्हा बोलावलं नाही. त्या भरतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला बोलावून त्याचं पाकीट परत दिलं. "लई झालं आता," एवढंच म्हणाले. मी आभारसुद्धा मानले नाहीत. बघणारे बघत होते. पुढं ते वारल्याचं दिंद्रुडच्या एका कामगाराकडून कळलं.

आता गिरणीतला आस्थापना विभाग मी सांभाळते. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याची उत्तरं कोणालाही, चेअरमनलाही, दाखवायची नाहीत, हा नियम संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यायला चार वर्षं गेली. यंदा तो झाला.