सेन्योराच्या कवितेतलं मीठ

माझं स्पॅनिश पुण्यात शिकलेलं आणि वॉशिंग मशीनवर पोसलेलं. नोकरीभर मी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित केली. ‘झाकण नीट बंद करावे’, ‘ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नये’, असलं साहित्य. त्यामुळे इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये आमच्या मेक्सिकन शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, माझी एक कविता इंग्रजीत करून देशील का, तेव्हा मी म्हणाले, “त्यात काय!” हे ‘त्यात काय’ मला आयुष्यभर नडत आलंय, पण तोंडातून जाता जात नाही.

ती मला सेन्योरा, म्हणजे बाई म्हणते, मी तिला सेन्योरा म्हणते. मेक्सिकोतल्या डोंगराळ, थंड गावात ती शाळेत भूमिती शिकवायची. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. नवरा वारलेला. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात असतो, महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो. सून अमेरिकन, जवळच राहते आणि दर रविवारी न चुकता सासूकडे जेवायला येते. पोरगी स्वभावानं इतकी गोड, की रागवायचं कशावरून हेच कळू नये. सासूनं दगड शिजवून वाढले तरी म्हणेल, “डिलिशस!”

आणि हीच गोड पोरगी तिला घरातून हलवायला निघाली होती.

“ती मला म्हाताऱ्यांच्या सोसायटीत ठेवणार आहे,” सेन्योरा म्हणाली. “नर्स आहे, बागबिग आहे, बिंगो खेळतात म्हणे. तिला वाटतं, मी विसरायला लागलेय.”

“काय विसरतेस?”

“काहीच नाही! स्वयंपाकात काहीतरी विसरते म्हणे. आणि आमच्या मुलाचं काय, सून म्हणेल ती पूर्व दिशा.”

“मग सांग ना तिला सरळ, मला नाही जायचं म्हणून.”

“कसं सांगू? माझं इंग्रजी भाजीबाजारापुरतं. मी बोलायला लागले की ती माझा हात हातात घेते आणि मान हलवत बसते. मग पुढचं बोलणंच फुकट!”

त्यावर तिनं तोड काढली होती. गावातल्या एका वाचनालयात परभाषेतल्या कवितांची संध्याकाळ होती. कवीनं मूळ कविता वाचायची, मग कोणीतरी तिचं इंग्रजी. सून पहिल्या रांगेत बसणार होती. “त्या कवितेत सगळं आहे,” सेन्योरा म्हणाली. “स्टेजवर माझा हात कोण धरणार? तिला ऐकावंच लागेल. तू फक्त ते इंग्रजीत आण. माझं घर आता तुझ्या हातात.”

बाप रे! एवढी जबाबदारी मला ओल्या हातांच्या प्लगनंसुद्धा कधी दिली नव्हती.

कविता नवऱ्यावर होती. हा गृहस्थ पहिला घास तोंडात टाकला रे टाकला की ओरडायचा, “मीठ कमी!” मीठ बरोबर असलं तरी ओरडायचा. मग ही तणतणत उठायची, मीठदाणी त्याच्यापुढे आपटायची, आणि मगच दोघांचं जेवण सुरू व्हायचं. तिच्या ओळी मराठीत सांगायच्या तर साधारण अशा:

तू पहिल्या घासाला ओरडायचास.
आता घर कसं शांत जेवतं.
मीठ मी अजून कमीच घालते,
कोणीतरी मागावं म्हणून.

पहिल्या दोन ओळी झटकन झाल्या. तिसरीपाशी माझं अडलं. शब्द सगळे येत होते हो, मनाला पटत नव्हतं. आमच्या घरात ताट वाढताना पहिलं काय पडतं? मीठ. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग बाकीचं. का? तर जेवणाऱ्याला मागावं लागू नये. माझ्या सासूबाई पंगतीत कोणी मीठ मागितलं तर दोन दिवस कोणाशी बोलायच्या नाहीत. आणि ही बाई चारचौघांत सांगणार, मी मुद्दाम अळणी वाढते! लोक काय म्हणतील? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

त्यात वाचनालयातल्या आयोजक बाई. त्यांना मेक्सिकन कवितेत ऊन, निवडुंग आणि झालंच तर एखादी कवटी हवी होती. फोनवर म्हणाल्या, “ती मुद्दाम मीठ कमी का घालते, हे आमच्या वाचकांना कळणार नाही. जरा सोपं करता येईल का?”

मी सोपं केलं. ‘मीठ मी अजून कमीच घालते, कोणीतरी मागावं म्हणून’ याचं मी इंग्रजी केलं, ‘मीठ घालायचं मी अजून विसरते, इतकी तुझी आठवण येते’. बाईची अब्रू राहिली, विरहही आला. आयोजक बाई म्हणाल्या, “ब्युटिफुल!” आमचे हे नागपूरचे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “बाप्पा! तू तर कवयित्री झालीस.” सेन्योराला दाखवायला गेले तर ती केस रंगवत होती. म्हणाली, “तुझ्यावर विश्वास आहे, छाप.” आणि कार्यक्रमाच्या पुस्तिका छापूनसुद्धा आल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दारातच सून भेटली. हातात फुलं, डोळ्यांत काळजी. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “तुम्हीही जेवता ना त्यांच्याकडे? तुमच्या लक्षात आलं असेलच. त्या मीठ घालायचं विसरतात. दर रविवारी. मला इतकं वाईट वाटतं! त्यांना कळू नये म्हणून मी गुपचूप सगळं संपवते.”

म्हणजे विसरण्याचा सगळा पुरावा काय, तर मीठ! आणि मी त्याच्यावर तिच्याच नावानं छापील शिक्कामोर्तब करून ठेवलं होतं. नवऱ्याला म्हटलं, “अहो, घोटाळा झाला. चला, घरी जाऊ.” ते म्हणाले, “काहून? समोसे दिसताहेत.”

सेन्योरानं झोकात वाचलं. मग मी उभी राहिले. सगळ्यांच्या हातात पुस्तिका, सगळ्यांची बोटं ओळींवर. ऐनवेळी बदलून वाचावं असं मनात होतं, पण इतके डोळे कागदावर बघून जीभ छापलेलंच वाचत सुटली. ‘मीठ घालायचं मी अजून विसरते’ म्हणाले मात्र, पहिल्या रांगेत सुनेनं रुमाल डोळ्यांना लावला आणि बाजूनं गडगडाट झाला.

“नो!” सेन्योरा ओरडली. “नो फर्गेट! मी काही विसरत नाही!”

एवढं इंग्रजी तिला भाजीबाजारानं शिकवलं होतं. पुढचं स्पॅनिशमध्ये सुरू झालं आणि ते मी इथे लिहीत नाही. “मी काय लिहिलंय आणि तू काय वाचतेस?” यावर मीही स्पॅनिशमध्ये म्हणाले, “तुझी लाज राखली! आमच्याकडे मीठ मागायची वेळ आणत नाहीत, आधीच ताटात वाढतात!” ती म्हणाली, “मग तुमच्याकडे नवरा-बायको जेवताना बोलतात तरी कशावर?”

आयोजक बाई टाळ्या वाजवाव्यात की दिवे घालवावेत या विचारात. तेवढ्यात मागच्या रांगेतून, हातात समोसा घेऊन, आमचे हे खच्चून ओरडले, “वन्स मोअर!”

जन्मभर नाट्यगीतांना ओरडलेला माणूस. बायको संकटात आहे म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. अमेरिकन मंडळींनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, ही आमच्याकडची पद्धतच असेल. दोघं-तिघं चाचरत म्हणाले, “वन्स मोअर?”

मग काय! मी पुस्तिका मिटली. सेन्योरानं एकेक ओळ पुन्हा वाचली आणि मी उभ्या उभ्या एकेक ओळ इंग्रजीत सांगितली, जशी होती तशी, वॉशिंग मशीनच्या सूचनेसारखी कोरडी. तू पहिल्या घासाला ओरडायचास. आता घर कसं शांत जेवतं. मग तिसरी आली. खरं सांगते, तोवर मला ती कविता कळलीच नव्हती. तिच्या अब्रूची काळजी वाहताना तिचं रिकामं घर मला दिसलंच नव्हतं.

चौथी ओळ झाली तशी सुनेनं रुमाल खाली घेतला. चेहरा लालबुंद. ती फुलं खुर्चीत ठेवून निघून गेली. सेन्योरा म्हणाली, “झालं. आता बिंगो.”

रविवारी तिनं आम्हालाही जेवायला बोलावलं. म्हणाली, एकटीला सुनेसमोर बसवत नाही. मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा मांस घातलेला रस्सा होता, पोसोले. सून आली, बसली. वाट्या भरल्या. पहिला घास घेतला आणि मला कळलं, आज सेन्योरानं कमी नाही, मीठ घातलंच नव्हतं. बाईनं सगळं पणाला लावलं होतं.

यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी टेबलाखालून असा चिमटा काढला की तोंड तसंच मिटलं. सुनेनं चमचा तोंडात घातला. गिळला. सवयीनं म्हणाली, “डिलि…” आणि थांबली. तिचे कान लाल झाले. मग आठवडाभर आरशासमोर घोकल्यासारख्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, पण चांगली ओरडून म्हणाली, “मीठ कमी!”

सेन्योरा ताडकन उठली. “कमी? माझ्या घरात मीठ कमी? इतकी वर्षं रांधतेय मी!” भांडी आपटत, कपाट उघडत, बंद करत, पुन्हा तेच उघडत ती तणतणत राहिली. मीठदाणी घेऊन परत आली आणि सुनेपुढे आपटली. पण हात काही मीठदाणीवरून उचलेना. डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. सुनेनं सासूचा हात धरला नाही, मानही हलवली नाही. तिनं दोन्ही हातांनी मीठदाणी ओढायला सुरुवात केली.

बराच वेळ दोघी ओढत होत्या. आमचे हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, “यांचं झालं की इकडे सरकवायला सांगशील का?”