कोरीच परत केलेली मतपत्रिका

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कोलशेतच्या बाजूला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या एका गावात, शाळेत मतदान होतं आणि पोलीस बंदोबस्त माझ्याकडे होता. काही दिवस आधी गावच्या पाटलाने देवळात सगळ्यांना देवीचा भंडारा, तिच्यापुढची हळद, उचलायला लावला होता. शपथ एकच, मतं एकाच उमेदवाराला. भंडारा उचललेला माणूस तिथे जीव देईल, पण शब्द मोडणार नाही.

भर दुपारी त्या उमेदवाराचा पोलिंग एजंट धावत आला. "साहेब, एक बाई कोरी मतपत्रिका बाहेर नेतेय. धरा तिला!"

आरोप साधा नव्हता. कोरी पत्रिका बाहेर न्यायची, तिच्यावर भलत्यानेच शिक्का मारायचा आणि पुढच्या मतदाराच्या हाती ती आत पाठवायची, ही लबाडी आम्ही ओळखून होतो. केंद्राध्यक्षांनी बोलावल्याशिवाय पोलिसाने खोलीत पाऊल टाकायचं नसतं. त्यांनी बोलावलं, मी गेलो.

साठीची बाई. पत्रिका उघड हातात धरून टेबलापुढे उभी. चोरी करणारा माणूस असा उभा राहत नाही, हे मी तिथेच ताडलं.

"कुठे नेत होता, मावशी?"

"कुठं नाय. या मास्तरला परत देते, तर घेत नाय."

केंद्राध्यक्ष शाळामास्तर होते, घामाघूम झालेले. "अहो, कुठेही शिक्का मारा आणि टाका एकदाची!"

"का नाही मारत?" मी आवाज चढवला.

"उभे दोगंच. एकानं खाडीत भराव घातला, दुसऱ्याचे ट्रक व्हते. त्या चिखलात माझा पोरगा रुतून मेला. आता तूच सांग बाबा, कुणावर मारू?"

"मग घरीच थांबायचं होतं."

"वा रे वा! घरी बसले असते तर माझ्या नावावर दुसरीच कुणी मारून गेली असती. ते चाललं असतं तुला?"

मी केंद्राध्यक्षांकडे वळलो. "मतदाराला पत्रिका वापरायची नसेल तर परत करता येते. घ्या ती, आणि 'परत, रद्द' असं लिहा."

एजंट खवळला. "साहेब, महागात पडेल!"

"पडू दे. जागेवर बस, नाहीतर आधी तुलाच उचलतो."

मास्तरांचं लिहून होईपर्यंत बाई हलली नाही.

बाहेर पाटील आडवा आला. "भंडाऱ्याचा शब्द मोडलास?"

"मी कवा उचलला भंडारा? पोराचं सुतक व्हतं. तुमीच मना देवळाच्या पायरीवरनं मागं फिरवलं."

पाटील पाय आपटत निघून गेला. तिला वाळीत टाकायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात बैठक ठरल्याची खबर मला आली.

नोकरीत खोटी मतं टाकणारे मी पुष्कळ पकडले. पण कुणालाच मत द्यायचं नाही, हे सांगायला उन्हात रांगेत उभी राहणारी ही एकच. आपलं मत वापरायचं नसलं तरी राखावं लागतं, हे मी तिच्याकडून शिकलो. त्या संध्याकाळी मी गणवेश चढवला आणि देवळाच्या त्याच पायरीवर जाऊन बसलो. बैठक झाली, आरती झाली, प्रसादही वाटला गेला. तिचं नाव कुणी काढलं नाही.